तुमचे प्रश्न : भूकंप किती मोठा आणि माणसं किती गेली

२०२५ च्या जुलैअखेरीस रशियात कामचट्काजवळ ८.८ चा भूकंप झाला, त्यावर आपण एक छोटी चौकट छापली होती. तेव्हापासून भूकंपावरचे प्रश्न थांबलेच नाहीत, पोस्टकार्डावरही येतायत आणि व्हॉट्सॅपवरही. सारखे प्रश्न एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, पण किल्लारी आणि कोयनेकडच्या वाचकांची पत्रं वाचल्यावर दोन ओळीत उरकणं मला जमलं नाही.

प्र. आजवरचा सगळ्यात मोठा भूकंप नेमका कुठला? माझ्या जुन्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात चिली ८.५ आहे, मुलीच्या पुस्तकात चिली ९.५. बरोबर कुठलं? (सांगली)

भूकंप एकच आहे आणि ९.५ बरोबर. तारीख २२ मे १९६०, वार रविवार, तिथली वेळ दुपारी ३ वाजून ११ मिनिटं, जागा दक्षिण चिली, वाल्दिविया शहराच्या आसपासचा किनारा. यंत्रांनी मोजलेला याच्यापेक्षा मोठा भूकंप अजून झालेला नाही.

झालं काय, तर पॅसिफिकच्या तळाची नाझ्का नावाची प्लेट (म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा) दक्षिण अमेरिकेच्या खाली सरकत असते, वर्षाला काही सेंटिमीटर. पण ती गुळगुळीत सरकत नाही, घर्षणाने अडकून बसते, आणि अडकलेल्या जागी शेकडो वर्षांचा ताण साठत जातो. तो त्या दुपारी सुटला. दोन प्लेटांमधला जवळजवळ हजार किलोमीटर लांबीचा सांधा एका दमात फाटला, म्हणजे मुंबईहून दिल्लीकडे निघालात तर बरीचशी वाट झाली एवढा, आणि दोन्ही बाजूचे खडक एकमेकांवरून सरासरी वीसेक मीटर सरकले. हादरे जवळजवळ दहा मिनिटं चालले असं तिथले लोक सांगतात. वाल्दिवियाजवळची जमीन दोनेक मीटर खचली, नदीकाठच्या शेतात पाणी शिरलं ते शिरलंच, आज त्या जागी मोठी पाणथळ आहे आणि काळ्या मानेचे हंस तिथे राहतात. ३८ तासांनी जवळचा कोर्दोन काउये ज्वालामुखी फुटला. आणि अख्खी पृथ्वी पुढचे कित्येक दिवस हलके हलके थरथरत राहिली, ही थरथर पहिल्यांदाच यंत्रांवर स्पष्ट पकडता आली, तिच्यावरून पृथ्वीच्या पोटात काय आहे याचा अभ्यास पुढे सरकला.

आता आकड्याचा गोंधळ. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये मोजपट्टी केली ती कॅलिफोर्नियातल्या मध्यम भूकंपांसाठी. नंतर तिचे सुधारलेले प्रकार आले पण आठच्या पुढे सगळेच अडखळायचे, किचनमधल्या छोट्या काट्यावर गव्हाचं पोतं ठेवलं तर काटा शेवटच्या आकड्यावर जाऊन थांबणार, तसं. म्हणून चिलीचा भूकंप तेव्हा साडेआठच्या आसपास लिहिला गेला. १९७० च्या दशकात हिरोओ कानामोरी यांनी वेगळी पद्धत आणली, किती क्षेत्रफळ फाटलं, किती मीटर सरकलं, खडक किती कडक, यावरून थेट हिशोब. तिला मोमेंट मॅग्निट्यूड म्हणतात. त्या हिशोबात चिली ९.५ निघाला. टीव्हीवर अजूनही रिश्टर रिश्टर म्हणतात, पण मोठ्या भूकंपाचा आकडा असतो तो या नव्या पद्धतीचा.

प्र. एमपीएससीसाठी पहिले पाच क्रमांक सांगा ना, प्रत्येक वेबसाइटवर वेगळे आहेत. (परभणी)

चिली १९६० (९.५), अलास्का २७ मार्च १९६४ (९.२), सुमात्रा २६ डिसेंबर २००४ (९.१), जपानचा तोहोकू ११ मार्च २०११ (९.१, काही ठिकाणी ९.०), कामचट्का ४ नोव्हेंबर १९५२ (९.०). पॉइंट एक-दोनचा फरक दिसणारच, कारण वेगवेगळ्या संस्था वेगवेगळा डेटा घेऊन हिशोब करतात, त्यावरून भांडू नका. त्याखाली ८.८ वाले येतात, एक्वादोर १९०६, चिली २०१० आणि कामचट्का २०२५.

पण यादीपेक्षा एक गोष्ट लक्षात ठेवा, हे सगळे एकाच जातीचे आहेत. समुद्राखाली एक प्लेट दुसरीच्या खाली जाते तिथेच नऊचे भूकंप होतात. आणि एक आकडा वाढला की ऊर्जा ३२ पट, दोन वाढले की हजार पट. म्हणजे ९.५ आणि ९.० यांच्यात फक्त अर्ध्याचा फरक दिसतो तो प्रत्यक्षात साडेपाच पटीचा आहे.

कामचट्का १९५२ बद्दल पुस्तकात फारसं नसतं म्हणून इथे लिहिते. त्या भूकंपानंतरच्या लाटेत सेवेरो-कुरिल्स्क नावाचं गाव जवळजवळ पूर्ण वाहून गेलं, दोन हजारांवर माणसं गेली, आणि सोव्हिएत सरकारने ते कित्येक वर्षं लपवून ठेवलं. गेलेल्यांची बातमीसुद्धा नाही. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

प्र. आमच्या किल्लारीचा भूकंप ६.२ चा, इथे जवळजवळ दहा हजार माणसं गेली. चिलीला ९.५ मध्ये दोन हजारसुद्धा नाही म्हणतात. मग तो मोठा कसा आणि आमचा छोटा कसा? खरं सांगायचं तर या आकड्यांचा राग येतो. (औसा तालुका)

राग येणं बरोबर आहे. आकडा सांगतो जमिनीत किती ऊर्जा सुटली, माणसांचं काय झालं ते तो सांगतच नाही. ऊर्जेच्या हिशोबात चिलीचा भूकंप किल्लारीच्या जवळजवळ नव्वद हजार पट निघतो. आणि तरी चिलीत गेलेल्यांचा नेहमी दिला जाणारा आकडा १,६५५ आहे (अंदाज हजारापासून सहा हजारापर्यंत जातात), वीस लाख लोक बेघर झाले ते वेगळं.

फरक कुठे पडला ते एकेक बघू. चिलीत आदल्या दिवशी पहाटे कोन्सेप्सियोनला आठच्या आसपासचा मोठा भूकंप झालेला होता, सगळा भाग आधीच सावध होता. मग रविवारी मुख्य धक्क्याच्या पंधरा मिनिटं आधी अजून एक जोरदार हादरा बसला आणि लोक घराबाहेर आले, ते रस्त्यावर असतानाच ९.५ आला. त्या भागात लाकडी घरंही भरपूर, लाकडी घर हलतं, वाकतं, पण एकदम कोसळून माणसाला गाडत नाही.

किल्लारीत, सास्तूरमध्ये यातलं काहीच नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपलेले. भूकंपाचं केंद्र जमिनीखाली जेमतेम दहा-बारा किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पायाखालीच. आणि घरं म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, आतून एक थर बाहेरून एक थर, मध्ये नुसती माती आणि खडी, दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड नाही, आणि वर माळवद, उन्हाळ्यात गारवा राहावा म्हणून दरवर्षी त्यावर माती चढवत नेलेली. हलल्यावर भिंतीचे दोन थर सुटले आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. ज्यांना तुम्ही ओळखत होता ती माणसं त्या मातीखाली गेली, त्यासाठी नऊचा भूकंप लागला नाही. शिवाय हा भाग तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता, त्यामुळे कुणी कधी सांगितलंच नव्हतं की अशी भिंत घातक आहे.

हे फक्त आपल्याकडचं नाही. २०१० सालच घ्या. १२ जानेवारीला हैतीत ७.० चा भूकंप झाला, लाखाच्या वर माणसं गेली. २७ फेब्रुवारीला चिलीत ८.८, ऊर्जा पाचशे पट, गेले सव्वापाचशेच्या आसपास. किंवा फार मागे जा, १५५६ साली चीनच्या शान्शी प्रांतात साधारण आठचा भूकंप झाला आणि तिथल्या नोंदींप्रमाणे ८ लाख ३० हजार माणसं गेली, इतिहासातला सगळ्यात मोठा मृत्यूचा आकडा हाच. तिथे लोक पिवळ्या मऊ मातीच्या डोंगरात गुहा कोरून राहायचे, डोंगरच ढासळले.

चिलीने १९६० नंतर काय केलं हे आपल्या लोकांनी मुद्दाम वाचायला हवं. बांधकामाचे नियम कडक केले, प्रत्येक मोठ्या भूकंपानंतर ते परत तपासले, आणि कायदाच असा आहे की इमारतीच्या ढाच्यात खोट निघाली तर पहिला विकणारा दहा वर्षं जबाबदार. २०१० मध्ये कोन्सेप्सियोनची एक नवी उंच इमारत आडवी झाली हे खरं, पण बाकी हजारो इमारती उभ्या राहिल्या. चुकलं ते त्सुनामीचं, नौदलाने इशारा मागे घेतला आणि किनाऱ्यावर लाटा आल्या, माणसं गेली. ती चूक तिथे झाकली गेली नाही. २०१४ मध्ये इकीकेला ८.२ आणि २०१५ मध्ये इयापेलला ८.३ झाला तेव्हा दोन्ही वेळा दहा लाखाच्या घरात माणसं किनाऱ्यावरून वर नेली, आणि मृतांचा आकडा दोन्ही वेळा वीसच्या आत राहिला.

मराठवाड्यात जुनी माळवदाची घरं अजून बऱ्याच गावात आहेत, लोक राहतायत. तुमच्या घरी तसं असेल तर छतावरची माती कमी करून घ्या, भिंत फुगलेली दिसते का बघा, आणि दारं-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना फिरणारा काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यात न तुटता, हा घालता येईल का ते इंजिनिअरला दाखवून विचारा. खर्च होतो, मान्य, पण नवं घर बांधण्याएवढा नाही होत.

प्र. आम्ही कोयना भागातले. धरणाशेजारी असा मोठा भूकंप झाला तर काय, ही भीती लहानपणापासून आहे. जगात कुठे असं घडलंय का? (पाटण)

तुमच्याकडे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला तो साधारण ६.३ चा, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरणाला वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या पण धरण टिकलं आणि नंतर ते मजबूत केलं. शिवसागर जलाशयाच्या पाण्याचा दाब आणि खडकाच्या भेगांत झिरपणारं पाणी यामुळे आधीपासून ताणात असलेले खडक सरकतात, असं शास्त्रज्ञ मानतात, आणि जलाशयामुळे झालेल्या भूकंपांत जगातला सगळ्यात मोठा हाच धरतात. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, त्यांनी या भागात तीन किलोमीटर खोल बोअर घेतलाय, फक्त हे समजून घ्यायला. पण नऊचा भूकंप इथे होणार नाही, एवढा लांब सांधा इथे नाहीच, ही भीती तेवढी मनातून काढा.

जगातलं विचारलंत तर १९६० च्याच चिलीची रिनिवे तलावाची गोष्ट आहे, ती मला सगळ्यात जास्त सांगावीशी वाटते. भूकंपात डोंगर घसरून तलावातून निघणाऱ्या सान पेद्रो नदीचं तोंड बंद झालं, दरडींचे तीन बांध तयार झाले, सगळ्यात मोठा २४ मीटरचा. तलाव चढत चालला. पाणी वरून वाहायला लागलं असतं तर मातीचा बांध एकदम फुटला असता आणि आधीच मोडलेलं वाल्दिविया धुवून निघालं असतं. आणि हे नुसतं अंदाजाने नव्हते म्हणत, १५७५ च्या डिसेंबरात तिथे मोठा भूकंप होऊन याच ठिकाणी असाच बांध पडला होता आणि काही महिन्यांनी फुटून खूप माणसं घेऊन गेला होता, स्पॅनिश लोकांनी ते लिहून ठेवलेलं होतं. मग राउल साएझ या इंजिनिअरच्या हाताखाली दोन महिने काम चाललं. बुलडोझर चिखलात रुतायचे म्हणून शेकडो माणसं फावड्याने खणत होती, पावसात, थंडीत, आफ्टरशॉक, म्हणजे मागून येणारे धक्के, चालू असताना. २४ मीटरचा बांध १५ वर आणला, खालची वस्ती हलवली, आणि जुलैच्या शेवटी पाणी सोडलं. पूर आला, पण १५७५ सारखा विनाश झाला नाही. पावणेचारशे वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलं आणि कुणीतरी ते वाचलं, म्हणून.

प्र. भारतातला सगळ्यात मोठा भुजचा ना? (नाशिक)

नाही. भुज, २६ जानेवारी २००१, ७.७ च्या आसपास. सगळ्यात मोठा १५ ऑगस्ट १९५० चा, आसाम-तिबेट सीमेवरचा, ८.६. स्वातंत्र्यदिनाची संध्याकाळ, ७ वाजून ३९ मिनिटं. समुद्राखाली नाही, जमिनीवर झालेल्या आणि यंत्राने मोजलेल्या भूकंपांत जगात पहिला. फ्रँक किंग्डन-वॉर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ तेव्हा केंद्राच्या अगदी जवळ तिबेटमधल्या रिमाला तंबूत होते आणि वाचले. डोंगर कोसळून नद्या अडल्या, सुबनसिरीचा बांध काही दिवसांनी फुटून गावं बुडाली, ब्रह्मपुत्रेचं पात्र गाळाने इतकं वर आलं की दिब्रुगडचा काठ तुटत राहिला आणि जुनं सदिया गाव नदीत गेलं. त्याआधीचा १२ जून १८९७ चा शिलाँगचा, ८ च्या वर. रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याचा जो अभ्यास केला त्याच वाटेने पुढे १९०६ मध्ये पृथ्वीला गाभा आहे हे त्यांनी दाखवून दिलं. तसंच अंदमान-निकोबारही भारतच आहे, २००४ चा ९.१ तिथल्या जमिनीखालूनच फाटत गेला, इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरच्या वर खचली.

प्र. यंत्रं नव्हती तेव्हाच्या भूकंपांचा आकडा कसा काढतात? आणि दहाचा होऊ शकतो का? (ठाणे, आठवीतला विद्यार्थी)

छान प्रश्न. एक उदाहरण देते. १७०० सालच्या जानेवारीत जपानच्या किनाऱ्यावर लाटा आल्या, घरं, भातशेती खराब झाली, पण भूकंप कुणालाच जाणवला नव्हता. तिथल्या लोकांनी ते वहीत लिहून ठेवलं. तीनशे वर्षांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शास्त्रज्ञांना मेलेल्या देवदारासारख्या झाडांची रानं सापडली, जमीन खचून खारं पाणी शिरलं म्हणून मेलेली, आणि खोडातली वर्तुळं मोजल्यावर कळलं की ती १६९९ च्या वाढीनंतर मेलीत. दोन्ही जुळवलं तर २६ जानेवारी १७०० ची रात्र निघते आणि लाटेच्या उंचीवरून तिकडे अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ झालेला नऊच्या आसपासचा भूकंप.

दहासाठी ९.५ वाल्यापेक्षा साडेपाच पट ऊर्जा लागेल, म्हणजे कित्येक हजार किलोमीटर सांधा एकाच वेळी फाटायला हवा. एवढा लांब सलग सांधा पृथ्वीवर माहीत नाही, म्हणून तशी शक्यता धरत नाहीत.

प्र. मुलगा टोकियोत नोकरीला आहे. जपानमध्ये मोबाइलवर आधी अलार्म येतो म्हणतो, म्हणजे काळजी नको ना? (पुणे)

अलार्म खरंच येतो, पण तो भूकंप सुरू झाल्यावर येतो. जमिनीतून आधी पोचणारी भूकंपाची हलकी लाट यंत्र पकडतं आणि मागून येणारी जोरदार लाट पोचायच्या आत काही सेकंद मिळतात, टेबलाखाली जायला, गॅस बंद करायला, ट्रेन थांबायला.

पण समुद्राजवळ राहत असेल तर त्याला ११ मार्च २०११ चं जरूर सांगा. भूकंप २ वाजून ४६ मिनिटांनी झाला, तिथल्या हवामान खात्याने तीन मिनिटांत इशारा दिला, पण घाईच्या हिशोबात आकडा ७.९ आला, म्हणून त्सुनामीची लाट मियागी प्रांतात ६ मीटर आणि इवाते प्रांतात ३ मीटर सांगितली गेली. प्रत्यक्षात काही जागी पाणी ३५-४० मीटर उंचीपर्यंत चढलं. तीन मीटर ऐकून, आपली भिंत तर उंच आहे म्हणून काही लोक थांबले. सगळे मिळून अठरा हजारांवर माणसं मेली किंवा सापडलीच नाहीत. २०१३ पासून तिथे फार मोठा भूकंप असला तर पहिल्या इशाऱ्यात मीटर सांगतच नाहीत, फक्त लाट प्रचंड आहे एवढं सांगतात. आणि अनेयोशी नावाच्या वस्तीत जुना दगड आहे, याच्या खाली घर बांधू नका असं कोरलेला. तिथल्यांनी ते पाळलं होतं, पाणी दगडाच्या खालीच थांबलं, घरं वाचली.

प्र. कोकणात त्सुनामी येऊ शकते का? (रत्नागिरी)

येऊ शकते, आणि अरबी समुद्रात आलेली आहे. २८ नोव्हेंबर १९४५ ला मकरान किनाऱ्याजवळ, आजच्या पाकिस्तानच्या दक्षिणेला, ८.१ चा भूकंप झाला, तिकडे फार नुकसान झालं आणि लाटा मुंबईपर्यंत आल्या, मुंबईत माणसं वाहून गेल्याची नोंद आहे. २००४ नंतर हैदराबादला त्सुनामी इशारा केंद्र झालं, २००७ पासून चालू आहे, मकरानकडचाही भूकंप तिथे लगेच कळतो. लाटेला कोकणात यायला काही तास लागतील, तेवढा वेळ आपल्या हातात असतो.

अडचण अशी की मकरानचा भूकंप रत्नागिरीत बहुतेक जाणवणारच नाही. इशारा आला किंवा भरती-ओहोटीची वेळ नसताना समुद्र अचानक मागे गेला तर बघायला खाली जाऊ नका, टेकडीची वाट धरा. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ ची लाट आजी-आजोबांनी गोष्टीत सांगून ठेवली होती, हादरा बसला की डोंगरावर पळायचं, आणि २००४ मध्ये तिथल्या सुमारे ७८ हजार लोकांत फक्त सात गेले. उलट १९६० मध्ये हवाईच्या हिलो गावात लाट यायच्या काही तास आधी भोंगे वाजले होते, तरी बरेच जण थांबले, काही तर लाट बघायला आले, ६१ माणसं गेली.

आणि पहिली लाट ओसरली म्हणजे झालं असं समजू नका. १९६४ च्या अलास्का भूकंपाच्या लाटा कॅलिफोर्नियात क्रेसेंट सिटीला पोचल्या तेव्हा पहिल्या लाटा बेताच्या होत्या, लोक दुकानं साफ करायला परत खाली आले, आणि चौथी सगळ्यात मोठी निघाली. त्यामुळे वरच थांबा, सरकारी यंत्रणा धोका टळला असं स्पष्ट सांगेपर्यंत, तास दोन तास जास्त गेले तरी चालतील.